आज काय भाजी शे?

मुलांनो,

मागच्या रविवारी फोनवर धाकटीने मला विचारलं, "आजी, माझं पोट दुखलं की आई माझ्या हातावर नॅपकिन टाकते आणि 'आज काय भाजी शे' असं विचारते. असं का? माझ्या वर्गात कोणाचीच आई असं करत नाही." तुमची आई मागून म्हणाली, "ते आजीला विचार." तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण अर्धवट उत्तरं द्यायची मला सवय नाही. शिवाय हे सगळं ज्यांनी मोठेपणी पाहिलं त्यांच्यातली आता मी एकटीच आहे. तुमच्या आईने पाहिलं तेव्हा ती लहान होती, आणि त्या माणसाच्या पूर्ण बाजूची होती. म्हणून माझी बाजू लिहून पाठवते. ती तुम्हाला हे वाचून दाखवताना मध्येच "असं नव्हतं" म्हणेल. म्हणू द्या, आणि पुढे वाचायला सांगा.

तो माणूस म्हणजे आमचे घरमालक.

तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते. सत्तरच्या दशकात त्यांची बदली नाशिकला झाली आणि आम्ही गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका बंगल्याचा वरचा मजला भाड्याने घेतला. तेव्हा तिकडे बंगल्यांपेक्षा पेरूच्या बागा जास्त होत्या. आजोबा महिन्यातले बरेच दिवस धरणांवर आणि कालव्यांवर असत. मी एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. खाली मालक एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. मूळचे देवळ्याचे, घरची कांद्याची शेती. लासलगावच्या बाजारात त्यांची अडत होती, म्हणजे शेतकऱ्यांचा कांदा आपल्याकडे उतरवून घ्यायचा आणि व्यापाऱ्यांना विकून द्यायचा. लिलावाच्या दिवशी सकाळी लवकर जात आणि संध्याकाळी अंगावर कांद्याची टरफलं घेऊन परत येत. टोपीत, खिशात, एकदा तर भुवईत मी टरफल पाहिलं आहे. खांद्यावर कायम एक पंचा. तो कधी काळी पांढरा असावा.

त्यांना नावाने हाक मारणं मला बरं दिसत नसे, म्हणून मी 'मालक' म्हणायची. मुलांना वाटलं ते त्यांचं नावच आहे. तुमची आई 'मालक' हा शब्द ज्या लाडाने म्हणायची, त्या लाडाने तिने 'आई' म्हटल्याचं मला आठवत नाही. आता तुम्ही म्हणाल, आजी एवढ्या वर्षांनी हे काय घेऊन बसली. पण सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं: मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. त्यामुळे त्यांचं जे चित्र मी काढीन ते थोडं तिरकं असेल. ते तुम्ही सरळ करून घ्या.

मी मुलं वाढवली ती पद्धतशीर. माझ्याकडे मुलांच्या संगोपनावरचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. थर्मामीटर त्याच्या डबीत, डबी कपाटाच्या वरच्या खणात. पाणी उकळून गार करून. जेवणाआधी हात, जेवणानंतर दात. दर महिन्याच्या सुरुवातीला दोघांची उंची आणि वजन, भिंतीवरच्या तक्त्यात. आमच्याकडे वजनाचा काटा नव्हता म्हणून मी त्यांना रिक्षाने एका दवाखान्यात घेऊन जायची. दोघं कुरकुरत यायची.

मालकांच्या ओट्यावर मात्र जुना लाकडी दांडीचा काटा टांगलेला होता, गोण्या तोलायचा. त्याच्या एका पारड्यात ते पोरांना बसवायचे आणि दुसऱ्यात कांदे टाकत जायचे. दांडी सरळ झाली की जाहीर करायचे, "शेठाणी वाढली. मागच्या खेपेपेक्षा चार कांदे जास्त." शेठाणी म्हणजे तुमची आई. मग तेच कांदे तिच्या हातात द्यायचे आणि सांगायचे, "हे तुझं वाढलेलं वजन. आईला म्हणावं, भाजीत घाल." ती ते माझ्याकडे घेऊन यायची, आणि मला खरोखर प्रश्न पडायचा की मुलीचं वाढलेलं वजन कसं चिरायचं. शाळेच्या तपासणीत डॉक्टरांनी तुमच्या मामाला वजन विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, "अर्धी गोणी आणि वर मूठभर." डॉक्टरांनी मला निरोप पाठवला की मुलाला किलोग्रॅम शिकवा. इंग्रजीच्या बाईंच्या मुलाला.

तब्येतीबद्दल मालकांची स्वतःची मतं होती आणि ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. उचकी म्हणजे वेळेवर न हसल्यामुळे आत अडकलेलं हसू. नखं रात्रीची कापायची नाहीत, कारण तेव्हा ती दमून झोपलेली असतात. शिंक आली की जिकडे तोंड असेल तिकडच्या माणसाची विचारपूस करायची, कारण शिंकेने त्याला बोलावलेलं असतं. मुलं मला येऊन विचारायची, "आई, उचकी म्हणजे खरंच हसू असतं?" मी पुस्तक काढून छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याचं चित्र दाखवायची. तुमची आई चित्र शांतपणे बघायची. ती हुशार होती, तिला समजायचं. मग म्हणायची, "हे खरं असेल. पण मालकांचं ऐकायला बरं वाटतं."

आता भाजीचं. पहिल्यांदा ते मला कसं कळलं, किंवा कळलं नाही, ते सांगते.

आम्हाला राहायला येऊन थोडेच दिवस झाले होते. तुमच्या आईचा कान दुखत होता. मी कानात कोमट तेल घालून, कापूस लावून तिला निजवलं होतं आणि स्वयंपाकघरात होते. मालक जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहून हाक मारत होते. ते आमच्या मजल्यावर कधीच येत नसत. भाडेकरूच्या घरी मालकाने न बोलावता जाणं त्यांना पसंत नव्हतं.

"मास्तरीणबाई, पोरगी दिसली नाय आज. काय भाजी शे?"

देवळ्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात एवढं मला ठाऊक होतं. मला वाटलं, बिचारे एकटे राहतात, जेवणाची विचारपूस करताहेत. मी वरून म्हटलं, "दोडका."

"दोडका?" ते एकदम गंभीर झाले. "लय खरखर?"

"नाही, कोवळा आहे. पाठवू का थोडा?"

त्यांनी टोपी मागे सरकवली. मग म्हणाले, "पाठवू नका. तिच्यापाशीच राहू द्या. मीठ-हळदीच्या गुळण्या करवा." आणि निघून गेले. मी दोडक्याच्या भाजीला गुळण्या कशा करवायच्या याचा विचार करत राहिले. दुसऱ्या दिवशी तुमच्या आईनेच मला सांगितलं, की मालक दुखणं भाजीत विचारतात. दोडका म्हणजे खरखरीत, म्हणजे घसा. आणि तिचा कान दुखत असताना मी दोडका म्हणाले म्हणून तिला मेलं हसू आवरत नव्हतं. "आई, तू चुकीची भाजी सांगितलीस. माझा लसूण होता." का, तर कान लसणाच्या पाकळीसारखा दिसतो. हे सगळं त्या दोघांमध्ये आधीच ठरलेलं होतं. आम्ही राहायला येऊन थोडेच दिवस झाले होते, हे मी वर लिहिलंच आहे.

मूल दुखण्याला नेमका शब्द सांगू शकत नाही. मोठी माणसं 'कुठे, कसं, कधीपासून' म्हणून त्याच्या अंगावर जातात आणि मूल गप्प होतं. मालक त्याच्या शेजारी ओट्यावर बसायचे आणि बाजारभाव विचारावा तसं विचारायचे. मुळा म्हणजे सरळ खाली घुसणारं दुखणं. वांगं म्हणजे वरून तुकतुकीत आणि आतून किडलेलं, म्हणून दाढ. वाढीच्या वयात तुमच्या मामाचे पाय दुखायचे, तो शेवगा. पोट फुगलं की भोपळा. एक कारलं होतं. ते अंगात कुठेच दुखत नसे. शाळेत कोणी खेळायला घेतलं नाही, बाबा येतो म्हणून आले नाहीत, अशा वेळी ते यायचं. कारल्याला मालकांकडे औषध नव्हतं. ते म्हणायचे, "कारलं शे ना? मग बस माझ्याजवळ, कांदे निवडू." आणि दोघं चांगल्या कांद्यातले मोड आलेले कांदे वेगळे करत बसायची.

भाजी कळली की पुढचा भाग पंच्याखाली व्हायचा. पूर्वी बाजारात, आणि बैलबाजारात तर तेव्हाही, व्यापारी आणि विकणारा असे दोघं पंच्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबून भाव ठरवत. आजूबाजूला कितीही माणसं असोत, सौदा त्या दोघांनाच कळायचा. मालक पंचा सोडून आपल्या आणि मुलाच्या हातावर टाकायचे. किती दुखतंय ते मुलाने बोटं दाबून सांगायचं. ते मान डोलवायचे, कधी घासाघीस करायचे: "एवढं? नाय नाय, जरा कमी कर." पंचा हलायचा, हसू यायचं, आणि मग ते "बरं, घेतलं" म्हणायचे. घेतलं म्हणजे दुखणं त्यांनी विकत घेतलं. मूल मोकळं झालं.

मी वरच्या गॅलरीत उभी राहून हे पाहायची. पाहण्यासारखं काही नव्हतं, एक मळका पंचा हलताना दिसायचा. माझ्या मुलीला किती दुखतंय ते त्या पंच्याच्या आत असायचं, आणि मी बाहेर.

एकदा मीही करून पाहिलं. तुमची आई दुपारी शाळेतून तोंड पाडून आली. मी स्वच्छ टॉवेल काढला, तिच्या शेजारी पलंगावर बसले, टॉवेल आमच्या हातांवर टाकला आणि म्हटलं, "आज काय भाजी शे?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग टॉवेलकडे. तिला वाईट वाटेल असं बोलायचं नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. ती म्हणाली, "आई, तुझा टॉवेल इस्त्रीचा आहे. यातून बोटं कळत नाहीत."

"बरं, मग नुसतं तोंडाने सांग."

"काही नाही. दमलेय."

दहा मिनिटांनी ती खाली ओट्यावर होती. कांदे निवडणं चाललं होतं. म्हणजे कारलं. एवढं मला वरून समजलं. कशाचं कारलं ते समजलं नाही, अजूनही नाही. मी तो टॉवेल पुन्हा घडी घालून कपाटात ठेवला.

तुम्हाला वाटेल की मालकांना फार कळत होतं आणि मला कळत नव्हतं. मुळीच नाही. त्यांचे अंदाज अर्धेअधिक चुकायचे. गोवराला ते घामोळं म्हणाले होते. तुमच्या मामाच्या मोडलेल्या करंगळीला 'भेंडी शे, चिकटेल आपोआप' म्हणाले होते. आणि एकदा तर त्यांची चूक फार महागात पडली असती.

तुमची आई तेव्हा चौथीत असेल. सकाळपासून पोट दुखत होतं. मालक लासलगावला निघाले होते. ती जिन्यावरून वाकत वाकत खाली गेली, ओट्यावर पंच्याचा कार्यक्रम झाला, आणि मालकांनी खालून मला सांगितलं, "भोपळा शे. ओवा द्या, पालथी निजवा."

"मालक, तिला ताप आहे."

"लय?"

"थोडा. पण ती उजवा पाय सरळ करत नाही."

"लाडात शे. मी संध्याकाळी आल्यावर बघतो."

ते गेले. मी तिला पलंगावर निजवलं आणि विचारलं, कुठे दुखतंय ते बोटाने दाखव. तिने भिंतीकडे तोंड केलं. "मालकांना सांगितलंय मी."

"मला सांग."

"त्यांनी घेतलंय ते. आता ते आले की बघतील."

मी पुस्तक उघडलं नाही. पुस्तकातलं ते पान मला पाठ होतं. आजोबा नेहमीप्रमाणे धरणावर होते. तुमच्या मामाला शेजारच्या बाईंकडे बसवलं, रिक्षा बोलावली, मुलीला शालीत गुंडाळून सरळ इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी पोटाला हात लावला मात्र, ती किंचाळली. अपेंडिक्स. दुपारीच शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेवर आणलंत. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं."

हे वाक्य मी आयुष्यभर सांभाळलं आहे. त्यात 'संध्याकाळ' हा शब्द आहे म्हणून.

मालक लासलगावहून आले ते घरात न शिरता तडक इस्पितळातच आले. शेजारच्या बाईंनी त्यांना गेटवरच सांगितलं होतं. खोलीच्या दाराबाहेर माझ्यासमोर उभे राहून त्यांनी टोपी काढली. टोपीतून टरफलं खाली पडली. "चुकलो, बाई," ते म्हणाले. "भोपळा नव्हता."

मी म्हटलं, "नव्हता."

याहून जास्त बोलायची माझी तयारी होती, चांगली वाक्यं मनात आली होती. पण तेवढ्यात तुमच्या आईला शुद्ध आली. मी आत तिच्या उशाशी गेले, तिचा हात हातात घेतला. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मालक आले?"

मी उठले. दुसरं काय करणार. दारापाशी जाऊन त्यांना आत जा म्हणून सांगितलं, आणि बाहेरच्या बाकावर शेजारच्या बाईंनी पाठवलेला भाताच्या पेजेचा थर्मास मांडीवर धरून बसले. दार उघडंच होतं. मालकांनी पंचा तिच्या हातावर टाकला. बराच वेळ काही हललं नाही. मग पंचा हलला, थांबला, पुन्हा हलला. मालकांचे खांदेही हलत होते. ते रडत होते की काय ते पाठीमागून नीट दिसत नव्हतं.

ते बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाली?"

त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "सौदा झाला, बाई. तो सांगायचा नसतो."

मी बरोबर होते. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, मालकांनी टोपी काढून कबूल केलं होतं. मुलगी मी वाचवली होती. आणि तरी सौदा त्यांच्याशी झाला होता.

आजोबा परत आल्यावर मी त्यांना म्हटलं, "आपण घर बदलू या."

"का?"

"जिना फार उंच आहे."

"आजच उंच झाला का?" ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. त्यांना सगळं समजत असे, पण समजल्याचं दाखवायला ते घरी कमी असत. आम्ही घर बदललं नाही.

पुढे मुलं मोठी झाली. तुमचा मामा शिकायला बाहेरगावी गेला. तुमची आई कॉलेजात जायला लागली तरी संध्याकाळी ओट्यावर जायचीच. आता पंचा वगैरे नव्हतं, ती नुसती बसून बोलायची. मालकांनी अडत सोडली होती, पण सवयीने एक-दोन गोण्या घरी आणून ठेवायचे आणि ती दोघं त्यातले कांदे निवडत बसायची. एखाद दिवशी वरून हसणं ऐकू यायचं, एखाद दिवशी फक्त टरफलांचा आवाज. तुमच्या वडिलांबद्दल तिने मला सांगितलं, त्याच्या आधी खाली सांगितलं होतं. हे मला मालकांच्या चेहऱ्यावरून कळलं. तुमचे वडील पहिल्यांदा घरी आले तेव्हा मालकांनी त्यांना ओट्यावरूनच असं न्याहाळलं, की ढिगातून कांदा उचलून बोटाने दाबून पाहतात ना, तसं.

आणि मग एक दुपार. ऐंशीच्या दशकातली, तुमच्या आईची शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आली होती. ती कॉलेजात होती. मी शाळेतून येऊन वह्या तपासत होते. जिन्यावर पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली, पुन्हा थांबली. दारात मालक. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा आमच्या मजल्यावर आले होते.

"येऊ का, बाई?"

"या ना. बसा."

ते खुर्चीच्या टोकावर बसले. दम लागला होता. मी पाणी दिलं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि गुडघ्यावर पसरला. मला वाटलं, आता काय करणार आहेत हे? त्यांनी पंच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पंचा उचलून परत खांद्यावर टाकला.

"छातीत दुखतं," ते म्हणाले. "मधोमध. चालल्यावर, जिना चढल्यावर. बसलं की थांबतं. डावा हात जड होतो. दिवाळीपासून."

इतकं स्वच्छ, क्रमवार वर्णन मला माझ्या विद्यार्थ्यांनीही कधी दिलं नव्हतं. मी विचारलं, "तिला सांगितलंत?"

"नाय."

"का?"

"तिला भाजी सांगावी लागंल. मग ती हसंल, मी बी हसंन, अन् राहून जाईल. तुम्ही हसणार नाय. म्हणून वर आलो."

यात कौतुक किती आणि बोल किती, हे मी अजून ठरवलेलं नाही. तेव्हा ठरवायला वेळ नव्हता. मी पर्स घेतली, चपला घातल्या आणि म्हटलं, "चला." ते म्हणाले, "आत्ता?" मी म्हटलं, "आत्ता. जिना हळू उतरा, कठड्याला धरा." त्यांनी शाळकरी मुलासारखं ऐकलं. जिन्यावर एकदा थांबून म्हणाले, "पोरीची परीक्षा होईपर्यंत तिला बोलू नका." मी शब्द दिला.

डॉक्टरांनी तपासलं. हृदय थकलं होतं. गोळ्या दिल्या, जिना बंद केला, मीठ बंद केलं. मी रोज शाळेतून आल्यावर खाली जाऊन गोळ्या घेतल्या का विचारायची आणि त्यांच्या आमटीची चव बघायची. ओट्यावर बसायची नाही. ती तुमच्या आईची जागा होती. आत स्वयंपाकघरात उभी राहून बोलायची. ते मला सगळं सरळ सांगायचे. किती चाललो, कधी दुखलं, झोप लागली की नाही. मी त्यांना प्रश्न विचारायची आणि ते उत्तर द्यायचे, कुठे आणि कसं आणि कधीपासून. मला ते फार आवडायचं. माझ्या घरात कोणीही मला माझ्या पद्धतीने उत्तरं देत नव्हतं.

तुमच्या आईला परीक्षा संपली त्याच दिवशी कळलं. मालकांच्या फडताळातल्या गोळ्या तिने पाहिल्या. ती जिना दोन-दोन पायऱ्या टाकत वर आली. मी पोळ्या लाटत होते.

"मालकांना काय झालंय?"

मी सांगितलं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुझ्या परीक्षेच्या आधीपासून."

"कोणी सांगितलं तुला?"

"त्यांनीच. वर आले होते."

"वर? मालक वर आले?" ती स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी राहिली. "तुला सांगायला?"

"हो."

"मला नाही सांगितलं आणि तुला सांगितलं."

"हो."

"कोणती भाजी?"

"भाजी नाही. छातीत दुखतं म्हणाले."

"मालक असं बोलतच नाहीत."

"माझ्याशी बोलले."

ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मला नवी नव्हती, फक्त आजवर मी ती आतून ओळखत होते. वरच्या गॅलरीतून खाली बघणाऱ्या बाईची नजर. मुलांनो, मला तिचं वाईट वाटलं. पण तव्यावरची पोळी मी त्या दिवशी अशी उलटली की ती टम्म फुगली.

ती खाली गेली. थोड्या वेळाने मी गॅलरीत आले. तिने ओट्यावर त्यांच्या शेजारी बसून स्वतःची ओढणी दोघांच्या हातांवर टाकली होती. "आज काय भाजी शे, मालक?"

मालकांनी ओढणीकडे पाहिलं. "कोथिंबीर."

कोथिंबीर म्हणजे भाजी घेतल्यावर वर फुकट टाकतात ती. काही नाही असं म्हणण्याची त्यांची रीत. ओढणी हलली नाही. ती वर आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "माझ्याशी खोटं बोलले." मग आपल्या खोलीत गेली. जेवायला उठली नाही. तिला हाका मारायला मी दोनदा गेले आणि दारापाशी उभी राहून परत आले. कारलं असताना काय करायचं ते मालकांना येत होतं, मला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मालक गेले. पुतण्याने बंगला विकला. तिथे आता फ्लॅट आहेत. पेरूच्या बागाही गेल्या. तुमची आई लग्न होऊन इतकी लांब गेली, तिला तिकडे कांदा महाग मिळतो म्हणे.

तिला अजून वाटतं की त्या दुपारी मालकांनी पंचा गुडघ्यावरून परत खांद्यावर टाकलाच नव्हता. पंच्याखाली त्यांनी मला भाजी सांगितली आणि मी ती स्वतःपाशी ठेवून घेतली. नाशिकला आली की प्रत्येक खेपेला एकदा तरी, चहा पिताना, सहज विचारल्यासारखं विचारते, "आई, खरं सांग, काय भाजी सांगितली होती?" मी सांगते, नव्हती सांगितली. ती मान हलवते. तिचा विश्वास बसत नाही आणि मीही फार समजूत घालत नाही. बंगला, ओटा, काटा, माणसं यांतलं काही उरलेलं नाही. तिचा माझ्यावरचा हा एवढा हेवा मात्र अजून शाबूत आहे.